घाई, चौऱ्याऐंशी टक्के

त्या बैठकीत माणसं सहा होती, खुर्च्या अकरा, चहाचे कप आठ आणि अपंग विद्यार्थी एकही नाही. टेबलावर एक नोंदवही, एक शिक्का, शाईची एक डबी आणि 'नमुना क्रमांक चार'चे तीस कोरे कागद. खिडकीतून कॉलेजचा रॅम्प दिसत होता. तो मी सकाळीच मोजला होता: लांबी तीन मीटर चाळीस सेंटिमीटर, चढ तेरा अंश, वरच्या टोकाला चौदा सेंटिमीटर उंचीची पायरी. त्यावर तीन सायकली आणि उपप्राचार्यांची स्कूटर उभी होती.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. एम.एस्सी. होऊन आठ महिने झाले होते आणि कर्नाटकाच्या सीमेपासून अठरा किलोमीटरवर असलेल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवत होते. मे महिन्यात मूल्यांकन समिती येणार होती. तिला दाखवायला 'समान संधी कक्ष' हवा होता आणि कक्षाला सचिव हवा होता. "नवीन कोण आहे?" या एकाच निकषावर माझी निवड झाली.

अध्यक्ष होते उपप्राचार्य कडोले सर. विषय अर्थशास्त्र. आकड्यांवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. आकड्यांचं त्यांच्यावर होतं की नाही, याबद्दल विभागात मतभेद होते. त्यांच्या शेजारी कार्यालयीन अधीक्षक शिंत्रे. एकोणतीस वर्षांची नोकरी, सगळं कॉलेज त्यांना आण्णा म्हणे. उरलेले तिघं सभासद चहा येईपर्यंत बसले आणि चहा झाल्यावर त्यांना एकाच वेळी तास आठवले.

"किती अर्ज आहेत, मगदूम मॅडम?" कडोले सरांनी विचारलं.

"सात, सर."

"चला, पंधरा मिनिटांत उरकू."

नमुना क्रमांक चारला तीन रकाने होते: अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी, सवलत. आण्णांची पद्धत सोपी होती. डोळे असतील तर लेखनिक. पाय असतील तर तळमजला. कान असतील तर पहिला बाक. आणि सगळ्यांनाच लेखी पेपरला तासामागे वीस मिनिटं जादा. एका मुलीला एकाच हाताने प्रयोग करावे लागत. यादीत हात नव्हते, म्हणून आण्णांनी ते पायांत धरले आणि तिला तळमजला दिला. प्रयोगशाळा तळमजल्यावरच होती. सहा अर्ज नऊ मिनिटांत संपले.

सातवा अर्ज दस्तगीर नदाफचा. बी.एस्सी. तिसरं वर्ष, भौतिकशास्त्र. प्रकार: वाचा. टक्केवारी: बावीस.

"बावीस?" आण्णांनी चष्मा कपाळावर नेला. "चाळीसच्या खाली हाय. बसत न्हाई नियमात."

ती बावीसही कशी आली ते मला माहीत होतं. दस्तगीर बोलताना अडखळतो. मात्र पाठ केलेलं म्हणताना अजिबात अडखळत नाही. रुग्णालयाच्या बोर्डाने त्याला मुळाक्षरं म्हणायला लावली. तो 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सरळ गेला. बोर्ड शून्य टक्के लिहिणार होतं, पण निघताना कुणीतरी सहज विचारलं, "नाव काय रे तुझं?" त्याच्यावर बावीस मिळाले.

"थांबा आण्णा," कडोले सर म्हणाले. "एकदम नाकारणं माणुसकीला धरून नाही. त्रैराशिक मांडा. चाळीस टक्क्यांना वीस मिनिटं, तर बावीस टक्क्यांना किती?"

"अकरा," मी म्हटलं आणि लगेच पस्तावले.

"लिहा. तासामागे अकरा मिनिटं जादा, लेखी पेपरला."

"पण सर, त्याचा लेखी पेपर अर्धा तास आधीच संपतो. त्याचं अडतं ते तोंडी परीक्षेत."

"मग उरलेल्या वेळात शांत बसू दे की. तेवढीच विश्रांती."

दस्तगीरच्या दृष्टीने प्रश्न विश्रांतीचा नव्हता. प्रात्यक्षिकाची तोंडी परीक्षा वीस गुणांची असे आणि तिच्यात वेगळे आठ गुण मिळवल्याशिवाय पास होता येत नसे. डिसेंबरात त्याला वीसपैकी दोन मिळाले होते. एप्रिलची परीक्षा ही शेवटची संधी. विद्यापीठाच्या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेत तो अकरावा आला होता. ती परीक्षा लेखी होती. एप्रिलमध्ये तोंडीला आठ मिळाले नाहीत तर ती जागा बाराव्याला जाणार होती.

"त्याला एकदा विचारायचं का, सर? बाहेरच उभा आहे."

"अवश्य. विद्यार्थ्याशी चर्चा हा मुद्दा अहवालात चांगला दिसतो. बोलवा."

दस्तगीर आत आला. उंच मुलगा, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. खुर्च्या रिकाम्या असूनही तो उभाच राहिला.

"ये, नदाफ. घाबरू नकोस. आपल्या घरात बसल्यासारखं मोकळेपणी सांग. तुझी नेमकी अडचण काय आहे?"

त्याने ओठ मिटले. पहिलं अक्षर 'म' होतं, एवढं बाहेरून दिसत होतं. सवयीने माझी नजर घड्याळावर गेली. दुसरा सेकंद पुरा व्हायच्या आत कडोले सर म्हणाले, "मणक्याचं काही?"

त्याने मान हलवली. पुन्हा ओठ मिटले.

"मराठी मिडियम काय रे दहावीपतोर?" आण्णा म्हणाले. "मग हितं आल्यावर भीती बसत्या."

मान हलली.

"मन लागत नाही? घरची आठवण?"

"घर हितंच हाय की त्याचं, सर. डेपोच्या मागं."

"मग मोबाईल! मोबाईलमुळे एकाग्रता होत नाही. बरोबर ना?"

अशी साडेतीन मिनिटं गेली. समितीने दहा प्रश्न विचारले आणि दहाची उत्तरं स्वतःच दिली. दस्तगीरच्या तोंडून एकही शब्द पूर्ण बाहेर पडला नाही. शेवटी त्याने हात जोडले आणि तो निघून गेला. आण्णांनी नोंदवहीत लिहिलं: 'विद्यार्थ्याशी सविस्तर चर्चा करण्यात आली. विद्यार्थी समाधानी आहे.'

मी त्याला प्रयोगशाळेत गाठलं. तो स्पेक्ट्रोमीटरच्या खोक्यावर बसून वहीत काहीतरी खोडत होता.

"तू काय सांगणार होतास?"

ओठ मिटले. मी थांबले. थांबले असं मला वाटलं.

"जास्त वेळ हवाय का तो—"

त्याने हाताचा पंजा वर केला. एस.टी. मागे घेताना कंडक्टर करतो तसा. मी गप्प बसले. या वेळी नऊ सेकंद गेले.

"मला वेळ नको, मॅडम."

आणखी पाच सेकंद.

"लोकांनी मधे बोलू नये, एवढंच."

मग तो हसला. आणि पुढचं वाक्य त्याने त्याच्या चालीने, तीन ठिकाणी थांबत, पूर्ण केलं. "माझा बाप डेपोत मेकॅनिक हाय. म्हणतो, आपली गाडी उशिरा सुटती, पण पोचती. पाशिंजर मधेच उतरून वडापच्या जीपनं गेला, तर त्यात गाडीची काय चूक?"

एवढं बोलायला त्याला सेहेचाळीस सेकंद लागले. वाक्यात एकही शब्द फालतू नव्हता. त्याच दिवशी वर्गात मी एक तास बोलले होते, त्याबद्दल असं म्हणता आलं नसतं.

"मोजू या का?" मी विचारलं.

"काय?"

"तुला किती लागतात."

त्याला कल्पना आवडली. मोजायची म्हटल्यावर भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला कुठलीही गोष्ट आवडते. मी अभ्यासक्रमातले वीस प्रश्न विचारले आणि प्रत्येक वेळी प्रश्न संपल्यापासून त्याचा पहिला शब्द निघेपर्यंतचा वेळ लिहिला. सर्वांत कमी दीड सेकंद, सर्वांत जास्त बारा. पहिल्या दहा प्रश्नांची सरासरी सात होती, शेवटच्या दहांची चार. मी मधे बोलणार नाही अशी त्याची खात्री पटत गेली, तसा आकडा उतरत गेला. वीसपैकी एकोणीस उत्तरं बरोबर होती. विसाव्या प्रश्नात माझीच चूक होती; ती त्याने सहा सेकंद थांबून दाखवून दिली.

घरी येऊन मी समितीचा कागद पुन्हा वाचला. तिन्ही रकाने दस्तगीरबद्दल होते. तो ज्या टेबलासमोर उभा राहणार होता, त्या टेबलाबद्दल त्यात एक ओळ नव्हती. एखाद्या तारेतून वीज जात नाही म्हणून आपण नुसती तारच तपासत बसावं आणि बटणाकडे बघूच नये, तसा तो नमुना होता.

मग मी बटण मोजलं. मार्चअखेर पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षा झाल्या. तीन परीक्षक, एकतीस विद्यार्थी. प्रश्नसंच तयार करायचा आहे असं सांगून मी फोनवर ध्वनिमुद्रणाची परवानगी घेतली. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. चार संध्याकाळी बसून मी प्रत्येक ठिकाणी दोन टोकं शोधली: परीक्षकाचा प्रश्न कधी संपला, आणि उत्तर आलं नाही तर परीक्षक पुन्हा कधी बोलला. एकशे अठ्ठेचाळीस नोंदी मिळाल्या. सरासरी १.९ सेकंद.

दस्तगीरला लागत होते सरासरी चार ते सात, कधी बारा. आम्ही देत होतो दोनसुद्धा नाहीत.

दुसरी बैठक एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाली. चहा आधीच होऊन गेला होता, त्यामुळे आम्ही तिघंच होतो. मी नवा नमुना करून नेला होता. त्याचे रकाने: काय करायचं आहे, कुठे अडतं, काय बदललं तर अडणार नाही.

कडोले सरांनी कागद उलटा करून पाहिला. "विद्यार्थ्याचं नाव?"

"तळाशी आहे, सर."

"आणि टक्केवारी?"

"नाही, सर. कायद्यात अडथळ्याची वेगळी व्याख्या आहे. अडथळा बाहेर असतो. तो मोजायचा."

"बाहेर म्हणजे रॅम्प. तो आपण केलाय."

मी ध्वनिमुद्रणाची आकडेवारी समोर ठेवली. परीक्षक अ: २.३ सेकंद. परीक्षक ब: २.१. परीक्षक क: १.३. सरांनी ती दोनदा वाचली. त्यांचा चेहरा आधी गंभीर झाला आणि मग त्यात एक वेगळीच चमक आली.

"तुम्ही परीक्षकांना मोजलंत?"

"हो."

"प्राध्यापकांना?"

"हो, सर."

"हे फार आक्षेपार्ह आहे," सर म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली. "क कोण?"

"नावं गुप्त ठेवायची ठरवली होती, सर."

"अहो, समितीपासून कसलं गुप्त? १.३ म्हणजे काय! पोरगं श्वास तरी घेईल का तेवढ्यात? हा पाटीलच असणार. सांगा, पाटील ना?"

"दुसरं कोण असणार?" आण्णा म्हणाले. "त्येनी लग्नात अक्षतासुद्धा आधीच टाकतेत."

पाटील सर बिचारे 'ब' होते.

"क म्हणजे मी," मी म्हटलं.

आण्णांनी चष्मा कपाळावर नेला. मी मोजत नव्हते, पण बराच वेळ गेला असावा.

"विभागात दोन जागा रिकाम्या आहेत, म्हणून अंतर्गत परीक्षक मीच असते," मी सांगितलं. "डिसेंबरातही होते. दस्तगीर नदाफला वीसपैकी दोन मी दिलेत. मी पाच प्रश्न विचारले होते. माझ्या कागदावर पाचांपुढे 'उत्तर नाही' असं आहे. माझ्याच अक्षरात."

कडोले सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. आण्णांनी शिक्का उचलून पुन्हा जागेवर ठेवला.

"पोरानं तक्रार केली न्हाई?" आण्णांनी विचारलं.

"करायला तोंडी यावं लागलं असतं."

यानंतर सर काय म्हणतील याचे मी दोन अंदाज बांधले होते: प्रकरण मिटवा, किंवा तुमचा राजीनामा द्या. दोन्ही चुकले. सर कागदावर आकडेमोड करू लागले होते.

"हे बघा," ते म्हणाले. "नदाफला जास्तीत जास्त लागतात बारा सेकंद. म्हणजे परीक्षकाकडे थांबण्याची क्षमता हवी बारा. प्रत्यक्षात आहे १.९. कमतरता १०.१. भागिले बारा, गुणिले शंभर." पेन थांबलं. "चौऱ्याऐंशी टक्के!"

"कशाचे?" मी विचारलं.

"अपंगत्वाचे. परीक्षकांच्या."

आण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, कागद जवळ ओढला आणि आकडा बोटाने तपासला. "चाळीसच्या वर हाय," ते हळूच म्हणाले. "बसतंय की नियमात."

मी तोंड उघडलं. आपण कुठल्या सूत्राला विरोध करतोय आणि त्यातून काय निघतंय, हे लक्षात येऊन मिटलं. अडचण विद्यार्थ्यात नसून टेबलाच्या पलीकडे आहे, हे मी तीन आठवडे मांडायचा प्रयत्न करत होते. सरांनी ते एका भागाकारात मान्य केलं होतं. त्यांना ते कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

"प्रकार काय लिहायचा?" आण्णांनी पेन उघडलं. "डोळे, कान, पाय. का 'इतर'?"

"'इतर' लिहा. कंसात 'घाई'."

"सवलत?"

"परीक्षकांना तासामागे वीस मिनिटं जादा."

"त्यानं भागणार नाही, सर," मी म्हटलं. "वेळ दिला तरी थांबता यायला हवं. हाताला काहीतरी काम लागेल. लंबक चालेल. नव्व्याण्णव सेंटिमीटरची दोरी आणि गोळा. एका पूर्ण झोक्याला दोन सेकंद. प्रश्न विचारायचा, गोळा सोडायचा, सहा झोके मोजायचे. तोपर्यंत बोलायचं नाही. उत्तर सुरू झालं तर मोजायची गरज नाही."

"'सहाय्यक साधनं' म्हणून शीर्षक हाय," आण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच उत्साह होता. "तीन वर्षं झाली, त्यातून एक वस्तू दिलेली न्हाई. रिकामंच हाय रजिस्टर." आणि त्यांनी लिहिलं: 'साधा लंबक, नग एक. लाभार्थी: परीक्षक, प्रात्यक्षिक तोंडी परीक्षा, बी.एस्सी. भाग तीन.'

"मूल्यांकन समितीला दाखवू," कडोले सर म्हणाले. "नावीन्यपूर्ण उपक्रम. आणि मगदूम मॅडम, तुमचे वेगळे काढले तर किती येतात हो?"

मी मनात काढलेच होते. "एकोणनव्वद, सर."

"तीव्र," आण्णा सहानुभूतीने म्हणाले.

परीक्षा गुरुवारी होती. बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक म्हणून डॉ. सांगावकर आले. ते आल्या आल्या त्यांनी परतीच्या एस.टी.ची वेळ विचारली: पाच दहा. चोवीस विद्यार्थी, दोन तुकड्या. तीनपर्यंत मोकळे होऊ असा त्यांचा हिशोब होता. मग त्यांना टेबलाशेजारी स्टँडला लटकलेला लंबक दिसला.

"हा प्रयोग पहिल्या वर्षाचा ना? इथे कशाला?"

"सर, तो परीक्षकांसाठी—"

"परीक्षकांसाठी? म्हणजे मी तपासायचा का? काढून ठेवा, जागा अडते."

मी सवयीने मनगटाकडे पाहिलं. ०.९ सेकंद.

तेवढ्यात आण्णा रजिस्टर घेऊन आले. "सर, आपली सवलत मंजूर झाल्या. हितं सही करा, साधन मिळालं म्हणून."

डॉ. सांगावकरांनी ओळ वाचली. प्रकार: इतर (घाई). टक्केवारी: चौऱ्याऐंशी. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"हा काय फाजीलपणा आहे? मी अपंग आहे?"

"आपण न्हाई, सर. परीक्षक हा वर्ग. वर्गवारीनं दिलंय. मॅडमना तर आपल्यापेक्षा जास्त हाईत."

"मला तुम्ही मोजलंच कुठं? मी बावीस वर्षं परीक्षा घेतोय. मला ही सवलत नको."

"नाकारता येत्या की," आण्णा समजुतीने म्हणाले. "फक्त घाई नसल्याचं प्रमाणपत्र लागंल. जिल्ह्याच्या बोर्डाचं. बोर्ड बुधवारी बसतं. आज गुरुवार."

"म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत परीक्षा थांबवू?"

"ते आपण ठरवायचं. आपल्याला घाई नसंल तर थांबता यील."

डॉ. सांगावकरांनी आण्णांकडे पाहिलं. आण्णांचा चेहरा एकोणतीस वर्षांच्या नोकरीचा होता. त्यावर काहीही दिसत नव्हतं. डॉ. सांगावकरांनी सही केली.

मी ठरवलं होतं की प्रश्नही त्यांनीच विचारायचे आणि गुणही त्यांनीच द्यायचे. माझ्याकडे फक्त घड्याळ होतं. यादीत दस्तगीरचा क्रमांक दुसऱ्या तुकडीत होता, पण मी डॉ. सांगावकरांना विचारून त्याला पहिला घेतला. सहीची शाई ओली असतानाच त्याचं व्हावं, असा माझा विचार होता.

तो आला आणि समोर उभा राहिला. पेनं तीनच होती.

"बस. नाव काय?"

हा प्रश्न परीक्षेचा नव्हता. पण त्याला सर्वांत जड जातो तो हाच. दस्तगीरची जीभ दातांवर टेकली आणि तिथेच राहिली. डॉ. सांगावकरांनी यादीकडे हात नेला. मी लंबकाकडे पाहिलं. त्यांनी सुस्कारा सोडला, गोळा बोटाने ओढला आणि सोडला.

एक. दोन. तीन. चार.

"दस्तगीर नदाफ, सर."

"हं. ग्रेटिंगच्या काचेवर रेषांची संख्या वाढवली तर वर्णपटाचं काय होईल?"

गोळा सुटला. दोन झोके. दस्तगीर बोलू लागला. मधे एका शब्दावर तो पुन्हा अडला. डॉ. सांगावकरांचे ओठ हलले. मी पाहिलं, ते पुढचा शब्द देणारच होते. त्यांनी घाईने गोळा पकडून पुन्हा सोडला. ओठ मिटले. उत्तर पूर्ण झालं. बरोबर होतं.

तिसऱ्या प्रश्नाला ते पुढे झुकले. चौथ्याला त्यांनी विचारलं, "हे तू कुठं वाचलंस?"

आठ सेकंद.

"वाचलं न्हाई, सर. रात्री डेपोतल्या दिव्याकडं ग्रेटिंग धरून बघितलं. पिवळ्या दिव्याच्या दोन रेघा दिसत्यात. पांढऱ्याचा सगळा पट्टा."

"दोन रेघा सुट्या दिसल्या? उघड्या डोळ्यांनी?"

सहा सेकंद. "न्हाई, सर. एकच दिसली. दोन असत्यात हे माहीत होतं, म्हणून दोन म्हणालो."

डॉ. सांगावकर मोठ्याने हसले. मी त्यांच्याबरोबर एकूण साडेनऊ तास काढले, त्यात ते एवढे एकदाच हसले. "हे मात्र लिहून ठेवण्यासारखं आहे," ते म्हणाले. "आमचे एम.एस्सी.वाले कधी कबूल करत नाहीत."

दस्तगीरची तोंडी परीक्षा अकरा मिनिटं चाळीस सेकंद चालली. इतरांची डिसेंबरात सरासरी चार मिनिटांची झाली होती. डॉ. सांगावकरांनी सात प्रश्न विचारले. मग त्यांनी गुणपत्रकात आकडा लिहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला. सतरा.

दस्तगीर बाहेर गेला. दारातून त्याने मागे वळून पाहिलं नाही, बाहेर त्याला पोरांनी घेरलं आणि "काय विचारलं रे, काय विचारलं?" असा गलका झाला. त्याने पंजा वर केलेला मला काचेतून दिसला. पोरं गप्प झाली.

मी लंबक उचलायला गेले.

"राहू द्या," डॉ. सांगावकर म्हणाले. "आता सवलत घेतलीच आहे, तर दिवसभर घेतो. रजिस्टरवर माझं नाव आहे."

दुसरी तुकडी संपायला पावणेसात वाजले. पाच दहाची एस.टी. गेली होती, सहाचीही गेली होती. ते डेपोत बसून राहिले. दस्तगीरच्या वडिलांनी त्यांना आठच्या गाडीत जागा धरून दिली, असं मला नंतर कळलं.

मी प्रयोगशाळा बंद करण्याआधी डिसेंबरचं आणि आजचं, अशी दोन्ही गुणपत्रकं शेजारी ठेवली. प्रश्नसंच तोच होता, वर्ग तोच होता. दस्तगीरचे गुण बाजूला काढून मी बाकीच्या तेवीस जणांची सरासरी काढली. ही तेवीस मुलं न अडखळता बोलणारी होती आणि त्यांच्यापैकी कुणीही कसलाही अर्ज केलेला नव्हता. डिसेंबरात त्यांची सरासरी वीसपैकी ९.७ होती. त्या गुरुवारी ती १३.१ आली.